पाटीमागचे घर पाहताना

लग्नासाठी मंगल कार्यालय ठरवायचे असले की आपल्याकडे घरातली चार माणसे जातात. जेवणघर पाहतात, पाण्याची सोय पाहतात, गाड्या कुठे लागतील ते विचारतात, आचारी कोण याची चौकशी करतात आणि आधी तिथे कार्य केलेल्या दोघातिघांना फोन करून मगच विसार देतात. हा सगळा खटाटोप एका दिवसासाठी, फार तर दीड दिवसासाठी. घरातल्या वृद्ध माणसाने उरलेले आयुष्य जिथे काढायचे, ते ठिकाण मात्र आपण अर्ध्या तासात ठरवतो. खुब्याचे हाड मोडलेले असते, शस्त्रक्रिया झालेली असते, सोमवारी डिस्चार्ज असतो आणि रविवारी दुपारी दोन भाऊ मोटारीतून दोन-तीन पाट्या पाहून येतात. बाग बरी दिसली, फरशी चकचकीत दिसली, दारात गणपतीचे छोटे देऊळ दिसले, की आगाऊ रक्कम भरून मोकळे होतात.

या घाईचे कारण नुसता वेळेचा अभाव नव्हे. तिच्या मागे लाज असते. ज्या गोष्टीची लाज वाटते ती गोष्ट माणूस नीट पाहत नाही, चारचौघांत विचारत नाही, कुणाचा सल्ला घेत नाही. कार्यालयाबद्दल आपण शेजाऱ्यांना मोकळेपणाने विचारतो. ‘तुमच्या आईंना ठेवलंय ते ठिकाण कसं आहे हो?’ हा प्रश्न आपण विचारत नाही आणि आपल्याला कुणी विचारलेला खपत नाही. परिणाम असा, की ज्या व्यवहारात सर्वांत जास्त चौकशी हवी, त्या व्यवहारात सर्वांत कमी चौकशी होते. त्याची किंमत लाज वाटणारा देत नाही, पलंगावर पडलेले माणूस देते.

लाज आली कुठून?

‘वृद्धाश्रम हवेत की नकोत’ हा वाद मराठी मध्यमवर्गाने गेल्या चार दशकांत भरपूर घातला. नाशिककरांच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. सारी पुंजी मुलांच्या हवाली करून शेवटी रस्त्यावर आलेले गणपतराव बेलवलकर त्यानंतर घराघरांत पोचले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी मुले दूर गेलेल्या घरात एकटे दिसले. या नाटकांनी दोन पिढ्यांना रडवले आणि ते रडणे खोटे नव्हते. पण त्या अश्रूंबरोबर एक समजूतही पक्की झाली, की चांगली मुले आईवडिलांना घरीच ठेवतात आणि उरलेली वृद्धाश्रमात.

घरी ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मात्र आपण कधी फारसे बोललो नाही. बहुतेक घरांत घरी ठेवणे म्हणजे घरातल्या एका बाईने ठेवणे. सासूची आंघोळ, सासऱ्यांचे पथ्य, रात्रीची उठबस हे सगळे तिच्या अंगावर, आणि पुण्य कुटुंबाच्या खात्यावर. आता ती बाई एक तर नोकरीत आहे, किंवा स्वतःच बासष्ट वर्षांची असून गुडघ्यांनी बेजार आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या आईची मुले साठीची असणारच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि महाराष्ट्रात लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे.

नाशिकची गोष्ट तर आणखी वेगळी. नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांतून, ओझरच्या विमान कारखान्यातून, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून निवृत्त झालेली पिढी इथेच घरे बांधून राहिली. तिची मुले पुण्याला, बंगळुरूला आणि परदेशी गेली. शिवाय देवळालीची हवा प्रकृतीला मानवते म्हणून मुंबईकरांनी तिथे आरोग्यधामे बांधली, ही परंपरा जुनी. त्यामुळे मुंबईची वृद्ध माणसेही इकडे येतात. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद अशा भागांत साध्या बंगल्याच्या फाटकावर ‘केअर सेंटर’ अशी पाटी दिसली, तर आता कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा ‘हवेत की नकोत’ हा वाद संपला असे समजून ‘कोणते आणि कसे पारखायचे’ या प्रश्नाकडे वळायला हवे.

हे पारखण्याचे काम सरकारने आपल्यासाठी करून ठेवले असेल, अशी समजूत कुणी बाळगू नये. राज्य शासनाने १९९५ साली ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्याने काढावा, असे तो म्हणतो. पण बंगला भाड्याने घेऊन, बारा पलंग टाकून, पैसे घेऊन चालवलेल्या खासगी वृद्धनिवासाने नोंदणी केलीच पाहिजे, असे त्या कायद्यात कुठेही नाही. अशी नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. आपल्या वडिलांना तिन्ही त्रिकाळ सांभाळणाऱ्या घराला, केवळ सांभाळते म्हणून, ती लागत नाही. म्हणजे तपासनीस आपणच.

गोदामाची पाहणी

बँकेत असताना तारण मालाची गोदामे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्या कामाचे दोन नियम होते. पहिला, कळवून जायचे नाही. दुसरा, समोरच्या थप्पीवर समाधान मानायचे नाही. मागची थप्पी हलवून पाहायची, कारण पुढच्या रांगेत धान्य आणि मागे भुसा हा प्रकार नवा नाही. वृद्धनिवास पाहताना हेच दोन नियम उपयोगी पडतात. माझ्या सख्ख्या आत्यासाठी आम्ही तिघे भाचे गेल्या पावसाळ्यात अशी नऊ ठिकाणे पाहत हिंडलो, तेव्हा मला त्या गोदामांची पदोपदी आठवण आली. (भाच्यांचे यात काय काम, असे कुणाला वाटेल. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारसाहक्काने जाणार आहे, त्याच्यावर त्या वृद्धाच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्यानेच टाकली आहे. प्रेमाचा भाग निराळा.)

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी. ती मालकांशी बोलण्यासाठी. दुसरी भेट न कळवता, संध्याकाळी सातच्या सुमारास. सकाळी अकरा वाजता प्रत्येक घर स्वच्छ असते. संध्याकाळी दिवसाची माणसे घरी निघतात, रात्रीची आलेली नसतात, जेवणे चालू असतात आणि तेव्हा कोण कुणाला कसे भरवते ते दिसते. चमचा तोंडाशी नेऊन थांबणारा हात आणि चमचा तोंडात कोंबणारा हात यांतला फरक ओळखायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. न कळवता आलेल्यांना आत घेत नाही, असे एका ठिकाणी आम्हाला फाटकातूनच सांगण्यात आले. आत कुणाला त्रास नको, हे कारण त्यांनी दिले आणि ते काही वेळा खरेही असू शकते. पण ‘मग बाहेरच्या खोलीत पाच मिनिटे बसतो’ म्हटल्यावरही नकार मिळाला, तेव्हा ते ठिकाण आम्ही यादीतून खोडले.

आत गेल्यावर हॉलमध्ये बसू नये. हॉल ही पुढची थप्पी. न्हाणीघर पाहावे. भिंतीला धरायला दांडा आहे का, कमोड पुरेशा उंचीचा आहे का, दाराशी उंबरठा किंवा पायरी आहे का, फरशी ओली असताना घसरते का, आतून लावलेली कडी बाहेरून उघडता येते का, हे स्वतः पाहावे. गरम पाण्याचे विचारावे. नाशिकची थंडी सौम्य नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. ढगाळ दिवशी सौर बंबाचे पाणी तापत नाही, तेव्हा काय करता, या प्रश्नावर मिळणारे उत्तर पुष्कळ काही सांगून जाते.

नंतर पलंगावरच्या माणसांकडे पाहावे. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी कुणी तरी बदलावी लागते. नाही तर टाचा, माकडहाड, खुबे इथे जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. ‘तुमच्याकडे आत्ता कुणाला अशा जखमा आहेत का?’ असे सरळ विचारावे. ‘एकालाही नाही, कधीच नव्हत्या’ हे उत्तर ऐकून खूश होऊ नये. ‘एका आजोबांना आहे, ते हॉस्पिटलातूनच घेऊन आले, रोज ड्रेसिंग होते, ही पाहा नोंद’ हे उत्तर जास्त भरवशाचे. पडण्याचेही तसेच. म्हातारी माणसे पडतात. चांगल्या घरातही पडतात. पडल्याची तारीख, वेळ आणि कुणाला कळवले हे लिहिलेली वही आहे की नाही, हा खरा प्रश्न. तारण तपासताना ज्या दुकानदाराच्या वहीत कधीच घट नसे, त्याचीच वही आम्ही दोनदा उघडत असू.

औषधांचे कपाट पाहावे. प्रत्येकाच्या नावाचा डबा आहे का, गोळी दिल्यावर सही होते का, झोपेची गोळी कुणाच्या चिठ्ठीवर दिली जाते. दुपारी चार वाजता घरातली सगळीच माणसे मान टाकून पेंगताना दिसली, तर ती शांतता चांगली नव्हे. पलंगाला ओढणीने बांधलेला हात दिसला तर कारण विचारावे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने, केवळ सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी वृद्धाला बांधणे किंवा गुंगीत ठेवणे यावर बंदी आली. आपल्याकडे ‘पडतील म्हणून बांधलंय’ एवढ्यावर बोलणे संपते.

इमारतीचा प्रश्न नाशिककरांनी तरी विसरू नये. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आला यावर आपण तो मोजतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर अनेकांनी पाहिले आहेत. नदी-नाल्याकाठच्या तळमजल्यावर चालता न येणारी माणसे ठेवलेली असतील, तर पाणी चढल्यावर त्यांना कोण उचलणार? आगीचेही तेच. दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या एका वृद्धनिवासाला २०२३ च्या १ जानेवारीला पहाटे आग लागली आणि दोन वृद्ध महिला दगावल्या. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने अशा यंत्रणेची तपासणी करून जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र द्यावे लागते; ते मागून पाहावे. खिडक्यांना पक्के गज आणि बाहेर जायला एकच दार असेल, तर बागेकडे पाहत बसू नये. आणि २०२७ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असताना, रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येणार हा प्रश्नही आत्ताच विचारून ठेवावा.

एकशे अडुसष्ट तास

आता गणित. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्यात ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात, त्यांच्या रजा-आजारपणे सोडून. बारा वृद्धांच्या घरात कोणत्याही वेळी दोन माणसे जागी हवीत. कारण एकटीने पूर्ण परावलंबी माणूस उचलता येत नाही. म्हणजे सात माणसे झाली. प्रत्येकीला महिना १४ हजार धरले तर ९८ हजार. बंगल्याचे भाडे ३५ हजार, स्वयंपाकीण १२ हजार, बारा जणांचा शिधा, दूध, फळे माणशी साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार, वीज, गॅस, धुलाई १५ हजार. बेरीज दोन लाख दोन हजार. बाराने भागले तर माणशी सुमारे १७ हजार, आणि यात मालकाचा स्वतःचा घास अजून आलेला नाही. हे आकडे धरून चाललेले आहेत, जागेप्रमाणे बदलतील; पण पद्धत कुणालाही कागदावर करून पाहता येईल.

आता कुणी दहा हजारांत ‘चोवीस तास देखभाल’ सांगू लागला, तर महिन्याला ८२ हजारांची तूट कुठून भरून निघते, हे विचारणे आपले काम. संस्था धर्मादाय असेल आणि देणग्या येत असतील तर उत्तम. सार्वजनिक न्यासाचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, ते पाहायला मागावेत. तसे नसेल तर ती तूट बहुधा रात्री भरून काढली जाते. दिवसा फाटकाशी कुणी तरी येते-जाते, म्हणून दिवसाची माणसे कमी करता येत नाहीत. रात्री पाहायला कोण येतो? सात माणसांच्या जागी तीन मुली असतात, त्या तिथेच राहतात, दिवसभर राबतात आणि रात्री तिथेच झोपतात. त्यालाच ‘चोवीस तास’ म्हणतात. अडीच वाजता आजींना लघवीला जायचे असते. हाक ऐकू येते, पण सोळा तास काम केलेल्या मुलीला उठवत नाही. आजी एकट्याच उठतात आणि खुबा मोडतो. तो काही अपघात नव्हे. ती महिन्याच्या हिशेबातली तूट असते.

म्हणून महागडे ते चांगले असे मात्र नाही. एका ठिकाणी महिना ४० हजार सांगितले. भिंतीवर निसर्गचित्रे होती, प्रत्येक खोलीत टीव्ही होता, आणि रात्री चौदा जणांना एकच मावशी. पैसे भिंतीवर गेले होते. तेव्हा दर विचारण्याआधी ‘काल रात्री ड्यूटीवर कोण कोण होते?’ हे विचारावे. नावे पटकन यायला हवीत.

त्या मुलींशी बोलावे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या अशा कितीतरी मुली मला या घरांतून भेटल्या. गावाकडे शेत पावसाचे, म्हणून शहरात कामाला आलेल्या. किती दिवस झाले इथे, आठवड्याला सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, झोपायला जागा कुठे, हे आपुलकीने विचारले तर त्या सांगतात. दर दोन महिन्यांनी मुली बदलत असतील तर आपल्या माणसाची सवय, आवड, दुखरी बाजू कुणाच्याच लक्षात राहणार नाही. एका साध्या, रंग उडालेल्या घरात एक मुलगी सहा वर्षे टिकून होती. कुठल्या आजोबांना चहा बशीतून लागतो आणि कुणाची कवळी रात्री कोणत्या पेल्यात ठेवायची, हे तिला पाठ होते. लहान घराचा मोठेपणा असतो तो इथे. आणि धोकाही इथेच. ती मुलगी आजारी पडली तर काय, याचे उत्तर मालकाकडे तयार हवे.

केसांचा प्रश्न

यादीतली तीन नावे उरली तेव्हा आम्ही आत्यालाच घेऊन गेलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, वय ८६. पंचवटीतल्या वाड्याचा जिना तिला आता झेपत नव्हता. पहिल्या दोन ठिकाणी ती फारसे बोलली नाही. तिसऱ्या ठिकाणी आम्ही आमची वही काढून न्हाणीघर, औषधे, रात्रपाळी असे एकेक तपासत होतो. ती हॉलमध्ये बसून होती. बाहेर आल्यावर मी विचारले, ‘‘आत्या, कसं वाटलं तुला?’’

‘‘जागा बरी आहे रे,’’ ती म्हणाली, ‘‘पण तिथल्या सगळ्या बायकांचे केस कापलेत. माझेही कापतील का?’’

आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते. आत जाऊन विचारले तेव्हा बाईंनी सहज सांगितले, की उवा होत नाहीत, धुवायला सोपे पडते, सोयीचे असते. त्यांचेही खोटे नव्हते. पण आयुष्यभर अंबाडा घातलेल्या बाईला न विचारता तिच्या डोक्यावरून कात्री फिरवणे कुणाच्या सोयीचे? त्या बाईंनी आमचे ऐकून घेतले. विचारल्याशिवाय केस कापायचे नाहीत, हे करारात लिहायला त्या तयार झाल्या. पुढे आम्ही तेच ठिकाण निवडले आणि त्यात तो कागद मोठा वाटेकरी होता.

यातून मला कळले ते इतकेच, की ज्याला राहायचे आहे त्याला दाखवल्याशिवाय कुठलीही पाहणी पुरी होत नाही. आपण सुरक्षितता पाहतो. ते स्वतःला तिथे पाहतात. सकाळचा चहा किती वाजता, रेडिओ लावू देतात का, देव ठेवायला कोनाडा आहे का, स्वतःचे लुगडे नेसता येईल की सगळ्यांना गाऊनच, फोन आपल्याजवळ ठेवता येईल का, दुपारी दार लावून घेता येईल का. हे प्रश्न किरकोळ वाटतात ते आपल्याला, कारण आपल्या घरी त्यांची उत्तरे आपणच देतो. स्मृती गेलेल्या माणसालाही घेऊन जावे. त्याला नाव आठवणार नाही, पण तिथे तो अस्वस्थ होतो की शांत बसतो, हेही उत्तरच आहे.

कागद आणि पैसे

करार वाचल्याशिवाय सही करू नये, हे सांगायला माजी बँक अधिकारी कशाला हवा? पण लोक वाचत नाहीत. अनामत रक्कम किती, ती कधी आणि किती दिवसांत परत. माणूस महिन्याच्या मध्येच गेला किंवा हॉस्पिटलात राहिला तर पैसे कसे आकारणार. डायपर, ऑक्सिजन, फिजिओथेरपी वेगळी का. दर वर्षाला किती वाढणार. ‘आता आम्हाला झेपत नाही, घेऊन जा’ असे सांगायचे झाल्यास किती दिवसांची मुदत देणार. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. नाकातून नळी, सततचे इंजेक्शन असे काही लागू लागले की ते घर राहत नाही, शुश्रूषागृह होते, आणि त्याला १९४९ पासून नोंदणीचा निराळा कायदा आहे. आपण काय करू शकत नाही हे जो मालक आधीच सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. हॉस्पिटल कोणते, डॉक्टर किती दिवसांनी येतात, हे लेखी घ्यावे. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. ते कार्ड दाखल होण्यापूर्वीच काढून ठेवावे.

पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि त्याचा आकडा वृद्धनिवासाकडे कधीही देऊ नये, ते कितीही चांगले असले तरी. सही करता न येणाऱ्या वृद्धाला हाताच्या, तेही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढता येतात; दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत, सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याचेही आहेत. शाखेत जाऊन मागावे. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नये. ज्याने ते दिले त्याचे मानसिक भान गेले, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते संपते. स्मृतिभ्रंशाच्या घरांत हे फार उशिरा कळते. खात्यावर दुसरे नाव, वारसनोंद, इच्छापत्र हे भान शाबूत असतानाच करून घ्यावे.

आणि घर कुणाच्या नावे करून देणार असाल, तर सांभाळण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहावी. बेलवलकरांच्या वेळी असा कायदा नव्हता. आता २००७ च्या कायद्याचे २३ वे कलम आहे. अट पाळली नाही तर तो दस्त रद्द होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या अटीवर बोट ठेवले आणि २०२५ च्या जानेवारीतल्या निकालात हा कायदा वृद्धांच्या हिताने, उदारपणे वाचावा असे सांगितले. तरीही न्यायाधीशांच्या उदारपणावर अवलंबून राहण्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिणे शहाणपणाचे.

पाहणी एकदाच नसते

तारण एकदा तपासून भागत नसे. कर्ज फिटेपर्यंत फेऱ्या माराव्या लागत. इथेही दाखल केल्याच्या दिवशी काम संपत नाही, सुरू होते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जाणारा नातेवाईक हाच आपल्याकडचा एकमेव तपासनीस आहे. ज्याच्याकडे कुणी येते, त्याच्याकडे लक्ष दिले जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतून दर महिन्याला न चुकता पैसे येतात, पण तीन वर्षांत फाटकाशी कुणी आलेले नाही, अशी माणसे प्रत्येक घरात दिसली. त्यांच्यासाठी कोण जाणार?

इंग्लंडमध्ये सरकारी तपासणी मंडळ प्रत्येक वृद्धनिवासाची पाहणी करते, दर्जा ठरवते आणि अहवाल सर्वांना वाचायला खुला ठेवते. जपानने २००० सालापासून वृद्धांच्या देखभालीचा विमाच सक्तीचा केला. तिथेही हेळसांड होते, पण ती कागदावर येते. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो, तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. नाशिकमध्ये जवळजवळ प्रत्येक उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. त्यांत निवृत्त परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत. सहली आणि वाढदिवस जरूर करावेत. पण महिन्यातून एकदा दोघांच्या जोडीने आपल्या भागातल्या एका वृद्धनिवासात मालकाच्या संमतीने जावे, तासभर बसावे आणि काय पाहिले ते एका वहीत लिहून ती वही संघाच्या कार्यालयात कुणालाही वाचायला ठेवावी. चांगल्या घरांना याची भीती वाटणार नाही; उलट इतकी वर्षे निगुतीने चालवलेल्या कामाची कुणी तरी दखल घेतल्याचे समाधान मिळेल. जे घर संमती देणार नाही, त्याचे नाव वहीत कोरे राहील. तो कोरेपणाही वाचणाऱ्याला पुरेसा आहे. छळ किंवा हेळसांड दिसली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रत्येक हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला सांगावे.

यात परोपकाराचा आव आणण्याचे कारण नाही. माझ्या वयाच्या माणसाने हे काम थोडे स्वार्थानेच करावे. आज ज्या न्हाणीघरातला दांडा आपण हलवून पाहतो आहोत, तो आणखी पंधरा वर्षांनी आपल्यालाच धरायचा असेल. तेव्हा तो पक्का बसवून घेतलेला बरा.